तबकावरचा फवारणीवाला

२० सप्टें.
त्या सकाळी सडा टाकला, भाकरी थापल्या, म्हशीला पेंड ठेवली. हे अंगणात पंपाचा पट्टा ओढून बघत होते. खांद्याला काचतो म्हणून खाली जुन्या चादरीची घडी दिली. "दुपारी जेवायले येतो," म्हणाले. त्या साली बीटीची कपाशी डोक्याच्या वर गेली होती. औषध वर मारायचं आणि ते आपल्याच तोंडावर पडायचं. दुपारी आले ते शेताच्या धुऱ्यावरून, दोघांच्या खांद्यावर. पुढचं लिहीत नाही.

आज आठवलं ते युसूफभाईंच्या कामामुळे. खामगावला ते चांदीवर नक्षी ठोकतात, मी त्यांना कागदावर चित्रं काढून देते. वसंतरावांच्या बी-औषधाच्या दुकानाला पंचवीस वर्षं झाली. तालुक्यातले दुकानदार मिळून त्यांना चांदीचं तबक देणार. काठाला कपाशीची बोंडं, मध्ये पाठीवर पंप घेतलेला माणूस.

यांची त्या दिवशीची बाटली त्याच दुकानातली. भाईंना माहीत आहे.
"भाभी, तुमाले नसन जमत तं दुसऱ्याले सांगतो."
म्हटलं, मीच काढते.

२३ सप्टें.
काठ झाला. बोंडं हाताला सवयीची. माणूस होत नाही. पाय जमले, पंप जमला. तोंड काढायला गेलं की यांचंच येतं. कागद फाडले. शेवटचा नाही फाडला.

सासूबाई मागून बघत होत्या. "नाक माह्यासारखं काढ व बाई. त्याच्या बापासारखं नको, भज्यावाणी दिसते." दोघी खूप हसलो. मग त्या उठून गोठ्यात गेल्या. लवकर आल्या नाहीत.

२७ सप्टें.
कागद दिला. भाईंनी चष्मा पुसून परत पाहिलं.
"हे तं तुमच्या घरचे."
"हाव."
"असाच ठोकतो."

२ ऑक्टो.
भाईंचा फोन. वसंतरावांना चित्र पसंत. फक्त तोंडाला मास्क पाहिजे, हातात मोजे, डोळ्यांना चष्मा. कार्यक्रमाला पेपरवाले येणार.
म्हटलं, यांना कोणी दिले होते मोजे?
"भाभी, चार रेघा तं हायेत."
"तुमच्यासाठी चार रेघा, भाई. उद्या लोक म्हणतील, मास्क होता तरी मेला."
भाई हळूच म्हणाले, "दिवाळीचं काम मले त्याइच्याच वळखीनं येते."
खरं आहे. त्यांचं काम गेलं तर माझंही जातं. त्यांच्यावर राग नाही. दुसऱ्यावर आहे.

३ ऑक्टो.
बाटलीवरची चिठ्ठी तेव्हा मला वाचता येत नव्हती. यांच्या मागे शिकले, पुड्यांच्या कागदांवरून. आधी मोठी अक्षरं, मग बारीक. ही सगळ्यात बारीक. मास्क घाला, मोजे घाला, वाऱ्याकडे तोंड करू नका. बाटलीवर लिहायचं आणि दुकानात ठेवायचं नाही.

सासूबाई सकाळी म्हणाल्या, "लावून टाक त्याले मास्क. आपल्याले पोट हाये." संध्याकाळी म्हणाल्या, "नको लावू. नाक झाकते."

६ ऑक्टो.
खामगाव. वसंतराव भाईंकडेच बसले होते.
"वहिनी, लोकाइच्या भल्याचंच हाये. पाहून शिकतीन."
"मग दुकानात ठेवा ना विकायला. तबकात काऊन?"
"कोनी घेत नाही."
"ठेवून पाहिलं कधी?"
त्यांनी घड्याळ पाहिलं. म्हणाले, खामगावात चित्रं काढणारे ढिगाने आहेत. भाई ठोकायला राळेत बसवलेल्या चांदीच्या पत्र्याकडे बघत राहिले. मी माझा कागद उचलला. पत्र्यावर चिकटवला नव्हता म्हणून मिळाला. एकदा छिन्नी लागली की कागदाच्या चिंध्या होतात.
"भाभी," एवढंच म्हणाले भाई.
दारातून सांगितलं, तोंड झाकायचं तर माणूस दुसरा शोधा.

घरी आल्यावर सासूबाई: "मंग आता?"
कागद गादीखाली सरळ करून ठेवला. काम गेलं असेल. तबक दुसरा कोणी काढेल, मास्क लावून, आणि ते पेपरात येईल.

८ ऑक्टो.
काल पहिल्या गाडीने परत खामगावला गेले, वसंतरावांच्या दुकानापुढे. फवारणीचं औषध घ्यायला माणसं उभी होती. वसंतराव म्हणाले, "आत या वहिनी, चहा घ्या." नको म्हटलं. पायरीवर बसले, चित्र मांडीवर उघडं ठेवलं.

एक पोरगा बाटली घेऊन उतरला. थांबला. "हे कोन हाये, मावशी?"

यांचं नाव सांगितलं. गाव सांगितलं. कशाने गेले ते सांगितलं. वसंतराव आतून दोनदा हाक मारत होते. पोराच्या मागे आणखी एक जण उभा राहिला, त्यालाही पहिल्यापासून सांगितलं.