पाळण्याच्या दोन डाव्या बाजू

तीर्थस्वरूप आत्यास,

भुशाने माखलेल्या हातांचा नमस्कार गोड मानून घे. (कागदावरचे डाग त्याचेच.) तुझे गुडघे काय म्हणतात? वहिनीचे दिवस भरत आलेत, तुझ्या सुनेला आता जिने चढू देऊ नकोस. बाबांचा खोकला बरा आहे. (तो छातीचा नव्हता, रागाचा होता.)

पाळणा कुठवर आला, असं विचारलंस. मी ते सीएनसी मशीन घेतलं, त्या दिवशी तुझ्या भावाने अबोला धरला, हे तुला ठाऊक आहेच. (मी शेजारी उभी असले तरी ‘तिला म्हणावं, दार लाव’ असं आईला सांगायचे.) कारखान्यात रोज यायचे, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचे आणि नुसते बघायचे. मशीनचं काम तसं सोपं. संगणकावर चित्र काढायचं, फळी आवळून बसवायची, की फिरतं पातं आपलं आपण कापत जातं. पण ते पडलं सांगकाम्या. फळीचा वरचा भाग कुठे आहे हे त्याला आधी दाखवावं लागतं. मी दाखवलं खालचं टेबल, आणि पातं फळी भेदून टेबलात शिरलं. पुढच्या खेपेला फळी आवळणारा शिकंजा पात्याच्या वाटेतच राहिला. पातं मोडलं, तुकडा बाबांच्या स्टुलाखाली पडला. त्यांनी तो उचलला, चष्म्याजवळ धरून पाहिला आणि खोकले. मशीन फसल्याचं मला काही वाटलं नाही, त्या खोकल्याचं वाटलं. चार शिव्या दिल्या असत्या तरी बरं झालं असतं. दुधाने तोंड पोळलंय, म्हणून आता ताकही फुंकून पिते: आधी पातं हवेतच सगळं फिरवून बघते, मग लाकडाला लावते.

मग पाळण्याच्या बाजू आल्या. डोक्याकडे उंच, पायांकडे उतरत्या, आतल्या अंगाला तळ बसवायची खाच. हाताने कापताना सुतार दुसरी फळी न सांगता उलटी धरतो. मशीनला तेवढी समज कुठली? एकच चित्र दोनदा कापलं गेलं आणि झाल्या दोन्ही डाव्या बाजू. जोडायला घेतल्या तर एकीची खाच बाहेर तोंड करून बसलेली! इतकं छान वाळलेलं लाकूड, जीव हळहळला. असो. उजवी बाजू नव्याने कापून झाली आहे, पाळणा बाळाच्या आधी पोहोचेल.

सर्वांना नमस्कार.

तुझी सुतार भाची

ता. क. : त्या डाव्या बाजू मी कापल्या असं तुला वाटलं असेल. वाटावं असंच लिहिलंय, कारण पत्र टाकायला बाबा जाणार आहेत आणि पाकीट अजून उघडं होतं. आता चिकटवते. कापल्या त्यांनीच, मी लाकूड आणायला गेले असताना. परत आले तर दोन्ही फळ्या हातात धरून उभे. म्हणाले, ‘‘हे उलटं कसं करायचं गं?’’ आत्या, आजवर विचारायची मी आणि सांगायचे ते. मला रडूच आलं. डोळ्यात भुसा गेला म्हणून सांगितलं.

दुसरं ता. क. : खरं काम राहिलंच. पाळणा घेऊन बाबांनाच पाठवते. त्यांना थोडे दिवस ठेवून घे. घरातली दारं करकरत असतील तर उत्तम, नसतील तर करकरतात असं सांग. ते तिकडे गेल्याशिवाय मला माझ्या मशीनला हात लावायला मिळणार नाही. सध्या ते मशीन चालवतात, आणि मला पॉलिश पेपर देऊन घासायला बसवतात.