भर पावसात शून्य

१८ जून, सकाळी ९.४०
सोसायटीच्या सभेत, खाली पार्किंगमध्ये, सर्वांसमक्ष, सेक्रेटरी दळवी माझ्या हवामानयंत्राला ‘खेळणं’ म्हणाले. वेळ मुद्दाम लिहून ठेवते आहे.

कारण काय, तर परवा १६ तारखेला इथे वरसेत असा पाऊस झाला की गाड्यांची चाकं पाण्यात, आणि माझ्या स्क्रीनवर दिवसभराचा पाऊस शून्य. हे दळवींना कळलं कारण मीच त्यांना त्या दिवशी चहाला घरात घेतलं. चहा पिऊन खाली गेले आणि आज हे.

‘मॅडम, बाहेर छत्री उलटी होते आणि तुमचं यंत्र म्हणतं पाऊसच नाय. त्यापेक्षा विहिरीतला बेडूक बरा.’ लोक हसले. तळमजल्यावरच्या जोशीबाईही, ज्या रोज सकाळी मला फोन करून ‘आज गोधडी धुऊ का’ विचारतात.

१० जुलैच्या सभेत यंत्राचा खांब गच्चीवरून काढायचा ठराव येणार. जागा कपडे वाळत घालायला हवी म्हणे. कपडे. पावसाळ्यात.

१९ जून
राग बाजूला. कंपनीच्या लॅबमध्ये आयुष्य गेलं, एका रीडिंगवर कधी कुणाला फाशी दिली नाही. सुरुवातीपासून तपासायचं.

यंत्र भाच्याने, अजयने, मे महिन्यात पुण्याहून आणून बसवून दिलं. गच्चीवर खांब: त्यावर पाऊस मोजायची वाटी, वाऱ्याचा भोवरा, तापमान-आर्द्रतेची पांढरी डबी. घरात टेबलावर स्क्रीन.

वाचायला कसं: तापमानाचे आकडे चष्म्याशिवाय, पलंगावरून दिसतात. पाऊस त्याच्या शेजारी, तोही ठळक. हे ज्याने आखलं त्याला म्हाताऱ्या माणसांबद्दल आदर आहे. खालची ओळ मात्र मुंग्यांची रांग. बाजूने पाहिलं तर काहीच दिसत नाही, समोर सरळ बसावं लागतं, चर्चमध्ये बसल्यासारखं. माहितीपत्रकातलं इंग्रजी असं की आमच्या शाळेतल्या सिस्टर बर्नाडेटनी ते लाल शाईने धुऊन काढलं असतं. आणि तो हसरा सूर्य. अंदाजाचं चित्र. जूनभर हसतो आहे. त्याच्याकडे मी बघत नाही.

२१ जून
गच्चीवर खांबाशेजारी सरळ कडांचा स्टीलचा डबा ठेवला. त्यात जेवढे मिलिमीटर पाणी साठेल तेवढा पाऊस. शाळेत शिकलेलं. काल सकाळपासून आज सकाळपर्यंत: डबा ४१, यंत्र ३९.

पुन्हा ठेवला आहे.

२३ जून
कालचा डबा १८, यंत्र १८. आजचा डबा २७, यंत्र २६.
शाबास.
मग १६ तारखेला काय झालं होतं तुला?

२४ जून
दोष पण लिहायला हवेत, नाहीतर मी यंत्राची वकील ठरेन. दुपारी ऊन आलं तर तापमान दोनेक अंश जास्त दाखवतं, गच्ची तापते म्हणून. वारा कमीच दाखवतं, कारण पाण्याची टाकी आड येते. हे यंत्राचे नाहीत, आमच्या गच्चीचे दोष. पण आकडा चुकतो तो चुकतोच.

दळवी जिन्यात भेटले. ‘काय म्हणतंय खेळणं?’ जिना चढत राहिले. अजून पुरावा हाती नाही.

२६ जून, हमरापूर
सकाळच्या एसटीने पेणला, तिथून रिक्षाने माईकडे. माई माझी थोरली बहीण. सासर गणपतींच्या कारखान्याचं. आर्द्रता तपासायची राहिली होती आणि हवा किती ओली ते या घराइतकं कुणाला महत्त्वाचं? रंगाचे दिवस आहेत. ओल्या हवेत मारलेला रंग चिकट राहतो, मग बोटांचे ठसे देवाच्या पोटावर.

स्क्रीन बॅटरीवर चालते, घरातली आर्द्रता तिच्यातच मोजली जाते. पिशवीत घालून आणली. ओलं केलेलं मीठ बंद डब्यात ठेवलं की आतली हवा पंचाहत्तर टक्क्यांवर येऊन थांबते, नेहमीच. लॅबमधला जुना उपाय. माईकडून मोठा पारदर्शक डबा मागितला, वाटीत मीठ भिजवलं, स्क्रीन आत ठेवून झाकण लावलं.

माई: ‘कसलं लोणचं घालतेस गो? ना कैरी, ना लिंबू.’
मी: ‘यंत्राची परीक्षा आहे.’
माई: ‘आणि नापास झालं तर?’
मी: ‘तर तुझ्याकडे ठेवून जाईन, गणपतीपुढे आरास म्हणून.’
‘नको गो बाय. आमच्याकडे हसणारा सूर्य ठेवला तर गिऱ्हाईक विचारील, ही मूर्ती कुणाची.’

जेवण होईपर्यंत थांबलो. ७६. एका टक्क्यासाठी मी कुणाला नापास करत नाही.

मग रंगाच्या खोलीत ठेवलं. ८८. माईने मूर्तीच्या पाठीला गाल लावला आणि म्हणाली, आज नाय. माई आणि स्क्रीन, दोघींचं एकमत.

तेवढ्यात सर आली. माई बोलता बोलता उठली आणि सगळं झाकत सुटली. मूर्ती, रंगाचे डबे, भावोजींची मोटारसायकल, आणि माझी स्क्रीन. बघतसुद्धा नव्हती, हात आपोआप चालत होते. या पट्ट्यात पावसाळा लागला, आगोट सुरू झाली की माणूस हालचाल करत नसलेली प्रत्येक वस्तू प्लास्टिकखाली घालतो. मी स्क्रीन बाहेर काढली तर आर्द्रता नव्वदीच्या वर गेलेली.

तशीच उभी राहिले. माई म्हणाली, ‘काय झालं, बरं नाय वाटत?’
बरं वाटत होतं. फार बरं वाटत होतं.

२७ जून
वरसे. आल्या आल्या, पायसुद्धा न धुता, स्क्रीनवर जुन्या नोंदी उघडल्या. यंत्र मागचे आलेख ठेवतं, हे मला ठाऊक होतं, उघडून मात्र कधी पाहिले नव्हते.

१५ तारखेच्या संध्याकाळपर्यंत वारा वरखाली, नेहमीसारखा. मग एकदम सपाट. वादळी रात्र, आणि वारा शून्य. त्याच क्षणापासून गच्चीवरची आर्द्रता ९९ ला चिकटलेली. १७ च्या पहाटे वारा पुन्हा उसळला, पाऊसही मोजायला लागलं.

म्हणजे झाकलं होतं कुणीतरी. आणि प्लास्टिक नंतर वाऱ्याने उडालं. झाकणाखाली पाऊस पडला नाही, यंत्राने शून्य सांगितलं. यापेक्षा अचूक काय सांगणार होतं बिचारं? लॅबमध्ये अशी चार माणसं मिळाली असती तर...

गच्चीवर गेले. खांबाला निळ्या सुतळीची गाठ अजून आहे. टाक्यांच्या झाकणांवरही तीच सुतळी.

२९ जून
टाक्या कोण झाकतं ते सगळ्यांना माहीत आहे.

दळवींना जिन्यात गाठलं. विचारलं.

लपवायचं त्यांच्या मनातही आलं नाही, हे त्यांच्या बाजूने लिहिते. उलट अभिमानाने म्हणाले, ‘व्हय, मीच झाकलं. महागाचं दिसत होतं. भिजून खराब झालं असतं.’
‘दळवी, ते पाऊस मोजायचं यंत्र आहे.’
‘मग? पावसातलं म्हणून काय भिजवायचं? आगोटीला आपण काय काय झाकत नाय?’
‘त्यात पाऊस पडायला नको?’

त्यांनी वर गच्चीकडे पाहिलं. मग म्हणाले, ‘ते माझ्या ध्यानात नाय आलं मॅडम.’

माणूस वाईट नाही. पण बेडूक सगळ्यांसमोर आणि कबुली जिन्यात, हा व्यवहार मला मान्य नाही.

३ जुलै
आलेख दाखवायला घरी बोलावलं. आले, सरळ समोर बसून नीट पाहिलं. वाऱ्याची सपाट रेघ बोटाने चाचपून बघितली. ‘भारी आहे हो. मी दोरी बांधली ती वेळसुद्धा धरलीय यानं.’ आवाजात कौतुक होतं. मलाही बरं वाटलं, खोटं का बोलू.

मग म्हणाले, ‘सोडा ना आता. तोंडी सांगितलं की मी.’
‘खांब?’
‘ते सभेत बघू. विषय घेतलाय तर घ्यावाच लागतो. आणि मी चुकलो म्हणून सभेत सांगितलं तर लोक मला जन्मभर बेडूक म्हणतील.’

चहा दिला. बिस्किटं दिली नाहीत.

५ जुलै
जोशीबाईंचा फोन. गोधडी. म्हटलं, खेळण्याला विचारून सांगते. पलीकडून हळूच, ‘मी १० तारखेला हात वर नाही करणार.’ कशाच्या बाजूने नाही करणार, ते विचारलं नाही. आर्द्रता ९३ होती. गोधडी नको म्हणून सांगितलं.

६ जुलै
आज सकाळी खालील पत्र दळवींच्या दाराखालून सरकवलं. नक्कल इथे.

‘सेक्रेटरी महोदय, १६ जूनचा शून्य हा माझ्या यंत्राचा दोष नव्हता. वाटी आपण प्लास्टिकने झाकली होती, हे आपण मला दोनदा तोंडी सांगितलं आहे. शेजारी स्टीलचा डबा ठेवून घेतलेले तिन्ही आकडे सोबत जोडले आहेत, तापमान आणि वाऱ्यातल्या उणिवाही जोडल्या आहेत, म्हणजे मी काही लपवते असं कुणी म्हणू नये. आपला हेतू वाईट नव्हता, हे मी सभेत स्वतः उभी राहून सांगेन. मात्र “खेळणं” हा शब्द मागे घेतल्याचं आणि खांब आहे तिथेच राहील याला आपली हरकत नसल्याचं आपल्या सहीनिशी कळवावं. मुदत ९ जुलै, सायंकाळी सहा. उत्तर लेखी हवं. जिन्यात दिलेलं उत्तर धरलं जाणार नाही.’