नाव न घेता

१ जून
आजपासून स्वतःची प्रॅक्टिस. हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागातली नोकरी सोडली. विभागप्रमुख मॅडम म्हणाल्या, अजून दोन वर्षं माझ्या हाताखाली काढ, मग खोली घे. निदान प्रत्येक केस माझ्याशी बोलत जा. मॅडम चांगल्या आहेत, पण माझ्यातला स्पार्क त्यांना झेपत नसावा. तसं तोंडावर बोललो नाही. मॅच्युरिटी.

खोली दाताच्या दवाखान्याला लागून आहे. भिंत पातळ. दारावर पाटी: 'मनमोकळं. इथे बोललेलं इथेच राहतं.' बायको म्हणाली, पाटी छान झालीय. बाकी कशाबद्दल काही बोलली नाही.

४ जून
पहिला क्लायंट! एक गृहस्थ, गाल धरून बसलेले. तोंडातून शब्द फुटेना. मी अजिबात घाई केली नाही. मग हळूच विचारलं, वडिलांशी तुमचं कसं होतं? डोळ्यांत टचकन पाणी आलं. योग्य जागी बोट ठेवलं म्हणायचं. एवढ्यात शेजारचा कंपाउंडर त्यांना शोधत आला. दाढ काढायची होती.
तरी जाताना चेहऱ्यावर सुटल्याचा भाव स्पष्ट होता.

११ जून
कोणी नाही. खुर्च्यांच्या जागा बदलल्या. परत होत्या तशा केल्या.
संकल्प: रोज एक केस वाचणे. उद्यापासून. आज ड्रिलने डोकं उठलंय.

१५ जून
खराखुरा क्लायंट. तरणतलावावर मुलांना पोहायला शिकवणारे कोच. पन्नाशीचे, खांदे दारात न मावणारे. आत आले, दार लावलं, लागलंय का ते पुन्हा बघितलं.

मागे एकदा शिकवणीतली एक मुलगी त्यांच्या डोळ्यांदेखत खोल पाण्यात गेली. त्यांनीच उडी मारून काढली. मुलगी ठणठणीत आहे. पण तेव्हापासून यांना पाण्यात उतरवत नाही. पायरीवर पाय ठेवला की छातीत धडधडतं. शिट्टी घेऊन काठावर उभे राहतात, पाण्यात असिस्टंटला पाठवतात. कुणाला पत्ता लागू दिलेला नाही. बायकोलाही नाही.

"तुम्हालाच पहिल्यांदा सांगतोय," म्हणाले.

माझ्या अंगावर काटा आला. याच कामासाठी आपला जन्म आहे. उरलेला सगळा वेळ मी त्यांना भीतीचं शास्त्र समजावून सांगितलं. ते एकदाही मध्ये बोलले नाहीत. चांगलीच पकड घेतली मी.

२२ जून
कोच परत आले. संध्याकाळी बादलीत पाय बुडवून डोळे मिटून बसा, असा व्यायाम दिला होता. (कुठल्याही पुस्तकात नाही. माझा मला सुचला.) रोज करतात. बायकोला सांगतात, टाचा दुखतात.

आणि आज सकाळी तलावावर कोणी नसताना ते पहिल्या पायरीवर उभे राहिले. पाणी घोट्यापर्यंत. हे सांगताना एवढा मोठा माणूस लाजला.

मॅडमना फोन करणार होतो. मग वाटलं, कशाला? थेट पुस्तकच लिहावं.

२४ जून
ताईकडे जेवायला गेलो. भावोजींनी नेहमीप्रमाणे सगळ्यांदेखत विचारलं, काय डॉक्टर, गिऱ्हाईक येतं का कोणी? म्हणून एक उदाहरण दिलं. नाव घेतलं नाही. म्हटलं, एक माणूस आहे, पोटापाण्याचा धंदाच पाणी, आणि तो पाण्यालाच घाबरतो. बादलीचंही सांगितलं. सगळे खो खो हसले. भावोजींनी पहिल्यांदाच माझं बोलणं पूर्ण ऐकून घेतलं.

ताई तेवढी हसली नाही. तिची मुलगी पोहायला जाते. ते शिट्टीवाले का रे, म्हणाली. मी तोंड मिटून बसलो. गोपनीयता म्हणजे गोपनीयता.

२७ जून
ताईने पालकांच्या ग्रुपवर टाकलं. वर लिहिलं, माझा सख्खा भाऊच त्यांच्यावर उपचार करतोय, म्हणजे खात्रीची बातमी आहे. फोनवर खूप भांडलो. ती म्हणाली, पोरीच्या जिवाचा प्रश्न आहे. तू तरी कसा गप्प बसलास?

तिचंही बरोबर आहे. पण मी फक्त उदाहरण दिलं होतं. बाकीचं तिने केलं.

बायकोने एवढंच विचारलं की, तिकडे आधी कोण हसलं?
मी.

२९ जून
कोच आले. बसा म्हटलं, बसले नाहीत. तलावावरून त्यांना काढून तिकीट खिडकीत बसवलंय. त्यांच्या बायकोला शेजारणीकडून कळलं.

मी म्हटलं, मी तुमचं नाव घेतलं नव्हतं.

"हो. नाव तेवढं राखलंत," ते म्हणाले.

मग मी संदर्भ समजावला, हेतू समजावला, ताईचा स्वभाव समजावला. ते मान हलवत राहिले, शाळेत शिक्षकांसमोर हलवावी तशी. दारात थांबून म्हणाले, "घरी सांगता येत नव्हतं म्हणून तुमच्याकडे येत होतो. आता घरी सगळं माहीत झालंय. आता यायचं कारण उरलं नाही."

एका अर्थी, मनावरचं ओझं उतरणं हे थेरपीच्या दृष्टीने
खोडलं.

१ जुलै
मॅडमना फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, माफी मागितलीस का? मी कोचना काय काय सांगितलं ते सांगू लागलो.
"ते नाही विचारलं मी," मॅडम म्हणाल्या.

३ जुलै
तलावावर गेलो. रांगेत उभा राहिलो. एकच वाक्य बोलायचं, हेतू नाही, संदर्भ नाही, असं घोकत होतो. नंबर आला. काचेपलीकडे कोच मान खाली घालून तिकिटं फाडत होते. "किती?" म्हणाले.

मी बोललो. त्यांना ऐकू गेलं नाही. म्हणून काचेला तोंड लावून मोठ्याने बोललो. पाण्याच्या भीतीचं तुम्ही विश्वासाने सांगितलंत, मी ते घरी हसण्यावारी नेलं, चूक माझी आहे, मला माफ करा.

रांगेतली कुजबुज थांबली. कोणीतरी टाचा उंचावून खिडकीत डोकावलं.

कोचनी वर बघितलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"हळू बोला हो," म्हणाले.

मग माझ्या खांद्यावरून मागच्या बाईंकडे बघत त्यांनी विचारलं, "किती?"