रविवारी बंदुका बंद

बाबा, गेल्या शनिवारी दुपारी मी आईला घेऊन गावच्या व्हिलेज हॉलमध्ये गेले होते. मीटिंग कसली होती ते ऐकून तुम्हाला हसू आलं असतं. रविवारी फेझंट, म्हणजे ती लांब शेपटीची रानपाखरं, मारायला बंदी घालणारा तो जुना कायदा काढून टाकावा का, यावर आमच्या एम.पी.नं गावोगावची मतं मागवली आहेत. तुम्हाला जाऊन एकोणचाळीस वर्षं झाली, तरी तो कायदा अजून आहे. तुम्हाला त्याची फार गंमत वाटायची. "कायदा केला देवासाठी, लोकांनी त्या दिवशी चर्चमध्ये जावं म्हणून," तुम्ही पाहुण्यांना सांगायचात. "चर्चमध्ये आता कोणी जात नाही, पण पाखरं मात्र सुटली." आणि मग तुमचं ते घशातल्या घशातलं हसणं. स्वतः देवळात कधी न जाणारा, तरी देवाच्या वारावर इतका खूश असलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मी सहा वर्षांची असताना आपण नागपूरहून थेट इंग्लंडातल्या श्रॉपशरच्या या कोपऱ्यात आलो. आईला वाटत होतं लंडन मिळेल, निदान बर्मिंगहॅम तरी, पण जिथे दुसरा डॉक्टर यायला तयार नव्हता ते हे गाव तुमच्या वाट्याला आलं. पुढच्या खोलीत सर्जरी, म्हणजे दवाखाना, मागे आपलं घर, आणि घराच्या मागच्या फाटकापासून सुरू होणारं बड्या जमीनदाराच्या इस्टेटीचं रान. रानातून एक पब्लिक फूटपाथ जातो. कायद्यानं ती वाट सगळ्यांची. पण आल्या आल्याच तुम्ही एका मंगळवारी त्या वाटेनं निघालात तेव्हा ट्वीडच्या कोटातला एक शिकारी माणूस, हातावर मधोमध दुमडलेली बंदूक, तुमच्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "आर यू लॉस्ट?" आदल्याच आठवड्यात त्याच्या मुलीचा ताप तुम्ही उतरवला होता. त्यानं तुम्हाला ओळखलं नाही, की सर्जरीबाहेर ओळखायची त्याला गरज वाटली नाही, कोण जाणे. तुम्ही घरी येऊन आईला एवढंच म्हणालात, "मी हरवलोय का असं विचारत होते." आई म्हणाली, "मग? काय सांगितलंत?" तुम्ही म्हणालात, "नाही म्हटलं. पण मला स्वतःलाच खात्री नव्हती." त्यानंतर तुम्ही फक्त रविवारी जायला लागलात. रविवारी बंदुका बंद, म्हणून ट्वीडचे कोट नाहीत, म्हणून तुम्हाला अडवणारं कोणी नाही. ही गोष्ट तुम्ही मला कधी समजावून सांगितली नाहीत. आईनं सांगितली, तुम्ही गेल्यावर.

मला आठवतंय ते असं: मी आठ-नऊ वर्षांची आहे, वेलिंग्टन बूट मला एक नंबर मोठे आहेत, आणि तुम्ही पुढे चालता आहात. तुम्ही मला झाडांची नावं इंग्रजीत विचारता आणि मराठीत नाव नसेल तर तिथल्या तिथे एक ठेवता. लार्चला तुम्ही 'झिपरी' म्हणायचात. वाटेच्या कडेनं फेझंट निर्धास्त चालत असतात, गावातल्या म्हाताऱ्या बायकांसारखे, शेपटी सावरत. मी मागे राहिले की तुम्ही तोंडात दोन बोटं घालून शिट्टी मारता. ती शिट्टी ऐकून आई मागच्या दारातून ओरडते, "डॉक्टर आहात ना तुम्ही!" तुम्हाला त्याचं काही नाही. सोमवार ते शनिवार तुम्ही हळू आवाजात, शब्द तोलून, टाय लावून बोलायचात. तुमचा मोठा आवाज मी फक्त रविवारी ऐकला.

म्हणजे, एकदा सोडून. त्या शनिवारी रानात शूट, म्हणजे पाखरांची शिकार, चालू होतं आणि मी हट्टानं एकटीच फाटकातून आत गेले. वाट सगळ्यांची आहे असं तुम्हीच सांगितलं होतंत. हाकारे काठ्यांनी झुडपं बडवत येत होते, डोक्यावरून पाखरं फडफडत गेली आणि मग इतके आवाज एकदम झाले की मी खाली बसले. कुणीतरी सर्जरीत निरोप दिला. तुम्ही पेशंटला तसाच ठेवून, गळ्यात स्टेथोस्कोप, घरातल्या सपाता घालून चिखलातून धावत आलात. मला दंडाला धरून फाटकापर्यंत आणलंत आणि केवढ्यांदा ओरडलात! "वाट तुझी आहे हे छऱ्याला वाचता येतं का?" मी रडले. मग मात्र तुम्ही माझ्यासमोर उकिडवे बसलात, माझे गुडघे पुसलेत आणि म्हणालात, "आपला दिवस उद्या आहे. उद्या जाऊ."

मला उचलायला तुमच्या आधी धावला होता तो इस्टेटीचा गेमकीपर. वर्षभर पाखरं वाढवायची, कोल्ह्यांपासून राखायची आणि सीझन आला की बंदुकीसमोर उडवायची, हे त्याचं काम. तेव्हा तो जेमतेम पंचविशीचा होता. त्या दिवसापासून त्याची आणि तुमची मैत्री जमली. सीझनमध्ये तो मारलेल्या फेझंटची नर-मादी अशी जोडी सुतळीनं बांधून आपल्या मागच्या दाराला टांगून जायचा. पहिल्यांदा आईनं दार उघडलं आणि किंचाळली. मग त्याच्याच बायकोकडून ती पिसं काढायला शिकली, आणि नागपूरहून आलेल्या सावजी मसाल्यात तिनं फेझंटचा असा रस्सा केला की तो गेमकीपर आपल्या किचनमध्ये उभ्या उभ्या घाम पुसत तीन वाट्या प्यायला. "मिसेस, मी यांना अंड्यातून बाहेर काढतो," तो म्हणाला, "पण ते कशासाठी जगले हे आज कळलं." तुमच्या दाताखाली छर्रा आला तो तुम्ही बशीत टणकन टाकलात आणि म्हणालात, "डायग्नोसिस स्पष्ट आहे."

नोव्हेंबरातल्या ज्या रविवारी तुम्ही गेलात, त्याबद्दल घरात आम्ही फार बोलत नाही. सतरा वर्षांची मी वरच्या खोलीत केमिस्ट्री घेऊन बसले होते. तुम्ही अकराला निघालात. एक वाजता आईनं पोळ्या झाकून ठेवल्या. दोनला ती फाटकाशी जाऊन आली. तीनला तिनं गेमकीपरला फोन केला आणि तो कुत्रा घेऊन निघाला. लार्चच्या झाडांखाली, वाटेपासून दहा पावलांवर तुम्ही सापडलात, झाडाला टेकून बसलेले. हार्ट अटॅक. लगेच गेला नाहीत, असं नंतर सांगितलं गेलं. तास-दीड तास तरी तिथे होतात. तुमच्यासारख्या डॉक्टरला आपल्याला काय होतंय हे नक्की कळलं असणार. तेवढ्या वेळात काय केलंत, हे आईनं मला कधी विचारलं नाही, मी तिला विचारलं नाही.

मी आता लंडनला, स्टॅनमोरला असते, फार्मसीत काम करते. आई चौऱ्याऐंशीची आहे, तरी गाव सोडत नाही. मी दर दोन आठवड्यांनी जाते. शनिवारी हॉल भरला होता. इस्टेटीच्या तरुण मालकानं छान भाषण केलं. लोक सोमवार ते शुक्रवार नोकरी करतात, त्यांना शनिवार-रविवारच मिळतो, दोन दिवस शूट झालं तर गावच्या पबला, गेस्ट हाउसला धंदा मिळेल. शिवाय आजच्या काळात रविवारचा हा कायदा कुणासाठी? मग चालायला जाणारी मंडळी उठली. आठवड्यातला एक दिवस तरी शांतता द्या म्हणाली. शांतता हा शब्द इतक्या वेळा आला की मी मोजायचं सोडून दिलं. आणि माझ्या शेजारची खुर्ची सरकली. आई उभी राहिली होती. मला वाटलं बाथरूमला जायचंय.

"माझे मिस्टर इथे डॉक्टर होते," ती तिच्या इंग्रजीत म्हणाली.  हॉलमधल्या कितीतरी लोकांचा जन्म तुमच्या हातून झाला आहे. "ते त्या रानात वारले. रविवारी. शनिवार असता तर तिथे तीस माणसं असती, कुत्री असती, जीप असती. बरीच वर्षं मला वाटायचं, हा कायदा नसता तर ते घरी आले असते. पण कायदा नसता तर ते त्या रानात फिरायला गेलेच नसते, हेही मला कळतं. त्यामुळे माझं मत काय, ते मला माहीत नाही." तिनं पुढच्या खुर्चीची पाठ धरली. "तुम्ही सगळे शांततेबद्दल बोलत होतात, म्हणून सांगितलं." आणि ती बसली. मी तिचा हात धरला.  ती मराठीत कुजबुजली, "चुकलं का गं माझं?" मी म्हटलं, "नाही, आई." दोन रांगा पुढे बसलेला तो गेमकीपर उठला आणि कुणाकडे न बघता बाहेर गेला.

मी मागोमाग गेले. तो आता सत्तरीचा आहे, गुडघे गेलेत, कार पार्कच्या भिंतीला धरून उभा होता. त्याची बायको वारल्याबद्दल मी त्याच्याशी दोन शब्द बोलणार होते, तर तोच म्हणाला, "मला तुझ्या आईला कधीच सांगता आलं नाही. मी ऐकलं होतं."

"काय ऐकलं होतं?"

"शिट्टी. तुझ्या बाबांची. दोनदा. मी जेवायला बसलो होतो. वाटलं, कुणीतरी कुत्र्याला बोलावतंय. सहा दिवस मी शिट्टीमागे धावायचो गं. बायको म्हणाली, बघून येतोस का. मी म्हटलं, आज नाही. आज रविवार आहे."

तो रडायला लागला, तोंड न झाकता. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "तुम्हाला कसं कळणार होतं? यात तुमची काही चूक नाही." माझा आवाज फार समजूतदार येत होता. तो हो-हो म्हणत मान हलवत राहिला. आईला सांगू का, असं त्यानं विचारलं. नको म्हटलं.

हॉलमध्ये परत आल्यावर मी मताचा फॉर्म भरला. कायदा राहू द्यावा, यावर खूण केली. तुमच्यासाठी नाही, पाखरांसाठीही नाही. इस्टेटीवर आता एक तरुण मुलगी कीपर आहे. तिला एक दिवस तरी शांतपणे जेवता यावं, म्हणून.

पण कार पार्कमध्ये मी त्याला जे सांगितलं नाही, ते हे. त्या सकाळी तुम्ही जिन्याखालून विचारलंत, "येतेस?" मी खाली आले होते. तुम्ही माकडटोपी घातली होती, तपकिरी, नागपूरहून आजीनं पाठवलेली. गुरुवारी स्कूल बसमधून पोरींनी तुम्हाला त्या टोपीत पाहिलं होतं आणि दोन दिवस मला चिडवत होत्या. मी म्हटलं, "बाबा, आज नको. आणि प्लीज, ती टोपी घालून बाहेर जाऊ नका." तुम्ही रागावला नाहीत. टोपी काढलीत, खुंटीला अडकवलीत, केसांवरून हात फिरवलात आणि थंडीत तसेच निघालात. मी वर जाऊन पुस्तक उघडलं. एकही पान उलटलं नाही.

हे पत्र कुठे पाठवणार? आईला वाचून दाखवणार नाही, गेमकीपरलाही नाही. तो माणूस माझ्यासमोर रडत होता, आणि एकोणचाळीस वर्षं मी जे एकटीनं बाळगलं त्यात अर्धा वाटा उचलणारा कुणीतरी आहे हे मला कळत होतं. बाबा, तेव्हा मला बरं वाटलं.