सुकन्या, इराण आणि माझी रसवंती

सोनई

ती. भागवतमामांना गोरक्षचा दंडवत. खर्ड्याला सगळे बरे ना? मामींच्या गुडघ्याची सूज उतरली का? इकडे आई ठीक, म्हैस ठीक, फक्त मी ठीक नाही. मामा, असा धक्का बसलाय की कालपासून जेवण जात नाही (दोन भाकरी गेल्या, त्या आईच्या शब्दाखातर).

शेवाळ्यांची सुकन्या माझ्या वर्गात होती. मी प्राचार्यांशी भांडून कॉलेज सोडलं, ती पुण्याला भाषा शिकायला गेली. सुट्टीत आली आणि रोज माझ्या शिंगणापूर रस्त्यावरच्या रसवंतीवर यायला लागली. तुझं बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करू का, म्हणाली. मी हो म्हणालो (ती म्हणाली असती तर चरकात हातही घातला असता). पण रोज एकच कुरापत, "रसात पाणी आहे रे." माझ्या रसात! मी पेटायचो, "कोन म्हन्तं? आन त्याला हितं!" ती गोड हसायची. मला वाटलं, जुळलं.

काल चरक बंद करून एका दमात सांगून टाकलं, की मला नुसता दोस्त होऊन राहायचं नाही, लग्नाचा बंदोबस्त करायचाय. तर टाळ्या पिटून म्हणते, "अगदी तेहरानसारखं!"

तिचा अभ्यास फारसीचा. इराणी माणूस भरभर बोलताना 'दस्त'मधला (दस्त म्हणजे हात) त खातो, 'दस' म्हणतो. 'शहर'मधला ह गिळून 'शार' असा आ लांबवतो. फारसीतून आलेले शब्द आपणही असेच कुरतडतो का, हे तिला बघायचंय. माणूस जपून बोलला की सगळी अक्षरं जागेवर राहतात, म्हणून आधी त्याला चिडवायचं. आणि मी 'दोस' म्हणालो, 'बंदोबस' म्हणालो! माझं प्रेम पुण्यात वाजणार आणि तिचे सर त्यातले खाल्लेले त मोजणार! मी ग्लास आपटला (स्टीलचा, फुटला नाही). "पुसून टाक," म्हणालो आणि दुकान बंद केलं. लग्न हा विषय संपला.

तुमचा,
गोरक्ष

ता. क. विषय संपला नाही. आत्ता सुकन्या येऊन गेली. माझ्यादेखत रेकॉर्डिंग पुसलं, मोबाईल पिशवीत टाकला आणि म्हणाली, "आता सावकाश सांग. एकही अक्षर खाऊ नको." मामा, राग नसला की मला बोलताच येत नाही. लई वेळ लागला. पण ती शेवटपर्यंत थांबली आणि म्हणाली, "हेच आमच्या दादांना कोण सांगणार?"

आणखी एक. तिचे दादा, म्हणजे वडील, तुमच्याबरोबर तालमीत होते ना? रविवारी त्यांच्याकडे मागणी घालायला याच. मला मात्र आत नेऊ नका. त्यांनी रसातल्या पाण्याचा विषय काढला तर सोयरीक तिथंच मोडेल. (बर्फ वितळतो, मामा. त्याला मी काय करू?)