इष्टलिंगावरचा ठिपका

सोमवार, मानवत

आज अण्णांना चुकीचं सांगितलं.

प्रयोगशाळेत माझं काम एवढंच, की अर्धवाहकाच्या चकतीवर डोळ्यांना न दिसणारे बारीक खांब कोरायचे. मग तिच्यातून निघणारा प्रकाश चहूकडं न विखुरता आपल्याला हवा तिकडंच जातो. काल घरी आल्यावर अण्णांना हे सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "मग माय, माझ्या डोळ्यात धाडता येतो का?" काचबिंदूनं त्यांची नजर जवळजवळ गेलीय. मी न्हाई म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

संध्याकाळी ते पूजेला बसले. डाव्या तळहातावर गळ्यात बांधायचं छोटं इष्टलिंग, उजव्या खांद्यामागं उंचावर समई. लिंगाच्या चकचकीत काळ्या लेपावर ज्योतीच्या प्रतिबिंबाचा ठिपका पडतो, त्याच्यावर नजर लावायची. जन्मभर तेच. आता तो त्यांना धड दिसेना.

"ठिपका मधी आलाय का, बघ गं."

मी शेजारी बसले होते. मला तो बरोबर मधोमध दिसला. "आलाय," मी म्हणाले. त्यांनी हात तसाच धरून ठेवला.

मग लक्षात आलं. शेजारून मला मधोमध दिसतो, म्हणजे त्यांच्या डोळ्यांसमोर तो कडेला असणार! रोज प्रकाशाच्या दिशा मोजणारी मी, मला एवढं कळू नये? उठले, मागून त्यांच्या डाव्या खांद्यावर हनुवटी टेकवली, मनगट हळूच सरकवलं. ठिपका मधी आला.

"आता आलाय, अण्णा."

"मगाशी न्हवता, ठावं हाय मला," ते म्हणाले. "तुझा आवाज बाजूनं आला ना, माय."