परत आलेला ट्रे

पिपरी मेघे, वर्धा
१६ जानेवारी २०२५, गुरुवार

चि. आचल हिला आशीर्वाद.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून आईच्या हाती हे पाठवतो. इकडे थंडी आहे, तरी मक्याला मोड चांगले येताहेत. दाणे भिजवून बारदानात बांधायचे, मोड फुटले की ट्रेमध्ये पसरायचे, पाणी मारत राहायचं. मातीचा कण नाही. हे मला कोणी शिकवलं नाही. बुरशीने ट्रेमागून ट्रे फेकत शिकलो. आता मुळं गुंतून हिरवी गादी उचलून येते, आणि गाय तिच्यावर तुटून पडते.

काल तुझ्याकडचा ट्रे परत आला. साबणाने धुतलास का? वास येत होता. साबण लावू नये.

खरं तर त्या ट्रेबद्दलच लिहायचं आहे. दिवाळीपासून मांडणीवरचा एखादा ट्रे अधूनमधून गायब व्हायचा. पहिला संशय शेजारच्या मोतीलालचा. त्याच्या घरी दोन म्हशी, आणि माझ्या चाऱ्याला तो हसतो. मी ट्रेच्या खोलीला कुलूप लावलं, तर कुंपणावरून ओरडला, "काऊन भाऊ, गवताले बी कुलूप? सोनं पेरलं का?" चोर असा मोकळा हसत नाही, असं वाटलं. मग वाटलं, मुरलेला चोरच असा हसतो.

पण कुलूप लावूनही ट्रे जातच राहिले. किल्ली माझ्याकडे आणि तुझ्या आईकडे. मी तिच्यावर नजर ठेवू लागलो. बाजाराला निघताना तिची पिशवी जड, परत येताना हलकी. बाजारातून असं कोण येतं?

म्हणून शनिवारी पवनारला आलो. तुझ्या लग्नाला आलो नव्हतो, तेव्हा त्या घरी माझी ही पहिलीच खेप. तू आणि अश्विन कामावर होतात. अंगणात तुमची गाय हिरवी गादी खात होती. मी तिच्या तोंडापुढची गादी उलटवली. ट्रेला भोकं मी तापल्या सळईने पाडतो, उताराकडे दाट, वर विरळ. मुळांचे पांढरे झुबके अगदी तसेच उतरले होते. चारा माझाच.

"काय हो इवाई, चोरी पकडाले आले का?" तुझ्या सासूबाई, अन्नपूर्णाबाई, हसत बाहेर आल्या. हातात पाण्याचा तांब्या.

मी म्हटलं, "राहू द्या. रिवाज आहे आमच्यात."

त्यांचं हसू गेलं. "कोनता रिवाज?"

लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरचं पाणी घेत नाही, हे मी सांगितलं. पण गाडी सुरू करता करता सांगितलं. ऐकू गेलं की नाही कोण जाणे. बौद्धांच्या घरचं पाणी याला चालत नाही, असंच अन्नपूर्णाबाईंना वाटलं असणार. तसं काही नव्हतं, असं मी घरी येऊन तुझ्या आईला तीनतीनदा सांगितलं.

तिने काल रिकामा ट्रे माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "आचल म्हणे आता चारा नको. अन् तिनं विचारलं, ताईलेही अजून लेकरू नाई, तिच्याकडं बाबा चहा पेतात, तो कोनता रिवाज?"

तुझ्या ताईकडे, प्रेरणाकडे, मी नुसता चहा घेत नाही, साखर कमी पडली म्हणून कप परत आत पाठवतो. तुमच्या अंगणात हे मला आठवलंच नाही. आठवलं नाही, की आठवू दिलं नाही? मोतीलालच्या हसण्यावर, तुझ्या आईच्या पिशवीवर मी इतका संशय घेतला. पण रिवाज हा शब्द माझ्या तोंडी इतक्या पटकन कुठून आला, हे विचारायला तुझाच निरोप यावा लागला. उत्तर मला ठाऊक आहे. ते इथे लिहून मोकळं होणं सोपं आहे. ते त्यांच्यासमोर बोलायला हवं.

रविवारी सकाळी येतो. चारा आणत नाही, त्याच्या आड उभं राहायचं नाही मला. पाणी मी अन्नपूर्णाबाईंकडेच मागीन. त्यांनी नाही दिलं तर तू मधे पडू नकोस, आणि आतून गुपचूप आणूनही देऊ नकोस.

अंगणात उभा राहीन,
तुझे बाबा